वरीलपैकी सर्व

कॉलेजात 'एलएमएस समन्वयक' हे पद कोणी मागून घेत नाही. एलएमएस म्हणजे असाइनमेंट, चाचण्या आणि सूचना ऑनलाइन चालवणारी यंत्रणा; आमच्याकडची मूडल नावाची. स्टाफरूममध्ये ज्याचा लॅपटॉप उघडा दिसतो त्याच्या गळ्यात ते पडतं. भत्ता नाही, तास कमी होत नाहीत, आणि फोन वाजायला रात्री साडेअकराला सुरुवात होते, कारण असाइनमेंटची मुदत बाराला संपणार असते. "सर, घेईना झालंय," एवढंच वाक्य. काय घेईना, कुठं घेईना, ते आपण ओळखायचं.

या पदावर बसून माझं एक मत पक्कं झालंय. मूडलमध्ये बिघाड फार कमी होतात. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या एका गृहस्थांनी ते तयार केलं, २००२ साली पहिली आवृत्ती काढली आणि जगाला फुकट दिलं. फक्त त्याचा स्वभाव जुन्या तलाठ्यासारखा आहे. उताऱ्यावर असेल ते खरं, मग माणूस समोर का उभा असेना. आणि आपण कोल्हापूरकर नेमके समोर उभं राहून कामं करून घेणारे. रांगेत "ओ साहेब, आपलंच पोरगं आहे" म्हटलं की जगात काहीही होतं, अशी आपली श्रद्धा. मूडलला साहेब म्हणून उपयोग नसतो.

सुरुवात यादीपासून. ऑफिसातून एक्सेलची फाइल येते, तीत आडनाव, नाव, वडिलांचं नाव हे सगळं एकाच रकान्यात, बोर्डाच्या गुणपत्रिकेवर असतं त्याच क्रमानं. मूडलला युजरनेम, नाव, आडनाव आणि ईमेल हे वेगवेगळे रकाने लागतात. म्हणून 'टेक्स्ट टू कॉलम्स' करून ती ओळ तोडायची. तोडल्यावर पहिल्या रकान्यात आडनाव येतं आणि त्याच्यावर कोणीतरी निर्धास्तपणे 'फर्स्टनेम' असं लिहितो. मग वर्ग उघडला की पाटील, पाटील, पाटील, चौगुले, पाटील. आपल्या जिल्ह्यातल्या वर्गात 'पी' अक्षरावर टिचकी मारली तर हजेरीच्या दिवशीही येत नाहीत एवढी पोरं एकदम समोर येतात.

त्याच फाइलीत बारा अंकी एबीसी आयडी असतो, म्हणजे विद्यार्थ्यानं मिळवलेले क्रेडिट जमा होतात त्या 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मधला खाते क्रमांक. बारा अंक दिसले की एक्सेल त्याचं '१.२३४५७ई+११' करून मोकळं होतं, आणि मूडलला द्यायची सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, करताना जे दिसतं तेच लिहितं. म्हणजे सगळ्या वर्गाचे क्रेडिट एकाच अज्ञात विद्यार्थ्याच्या बँकेत. उपाय सोपा आहे: रकाना आधी 'टेक्स्ट' करायचा, मगच नंबर चिकटवायचे. उलट क्रमानं केलं तर रकाना टेक्स्ट होतो, पण आत ती ई+११ची भानगड तशीच राहते. आणि सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडायचं. नुसतं 'सीएसव्ही' निवडलं तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते.

नावं चढली की पासवर्ड. मूडलचा मूळ नियम असा: निदान आठ अक्षरं, त्यात एक मोठं, एक लहान, एक अंक आणि एक चिन्ह. या नियमातून सुरक्षितता निर्माण व्हावी अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात निर्माण झालं ते 'कोल्हापूर@१२३', रोमन लिपीत, पहिलं अक्षर मोठं, आणि वर्गातल्या निम्म्या पोरांचं हेच. उरलेल्यांचा पासवर्ड व्हॉट्सअॅपवरून कॉपी करताना शेवटी एक मोकळी जागा चिकटून येते. ती डोळ्याला दिसत नाही, मूडलला दिसते. 'पासवर्ड चालंना' या तक्रारीवर माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे: हातानं टाईप कर.

'पासवर्ड विसरलो' हा दुवा आहे, पण तो ईमेलवर जातो. ईमेल अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी गावातल्या सेवा केंद्रवाल्यानं काढून दिलेला असतो. त्याचा पासवर्ड सेवा केंद्रवाल्याला माहीत, आणि पडताळणीला जोडलेला मोबाईल नंबरही त्याचाच. अशा वेळी विद्यापीठ अनुदान आयोगापेक्षा त्या केंद्रवाल्याचा शिक्षणातला अधिकार मोठा असतो. म्हणून नवीन यादी घेताना पोरांना वर्गातच फोन काढायला लावायचा, जीमेल उघडून दाखवायला सांगायचं, आणि ज्याचं उघडत नाही त्याचं तिथंच नवीन काढायचं. एक तास जातो. वर्षभराच्या रात्री वाचतात.

मुदतीचं प्रकरण वेगळं. असाइनमेंटमध्ये मूडल आपणहून वेळ भरतं ती ००:००. सरांनी नुसती तारीख बदलून '२५' केली की मुदत संपते चोवीस आणि पंचवीसच्या मधल्या मध्यरात्री. पोरं पंचवीसच्या रात्री जेवून, मॅच बघून निवांत बसतात, आणि त्यांच्या नावापुढे लाल अक्षरांत 'बावीस तास उशीर'. त्यामुळे मुदत कायम २३:५९ लिहावी. शिवाय 'ड्यू डेट' आणि 'कट-ऑफ डेट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नुसती नाक मुरडते, दुसरी दार लावते. फक्त पहिली टाकली तर पोरं परीक्षेनंतरही असाइनमेंट देत राहतात, आणि मूडल ती आनंदानं घेत राहतं. आणि सर्व्हरचं घड्याळ आधी बघून घ्यावं. ते जागतिक वेळेवर ठेवलेलं असेल तर आपली रात्रीची २३:५९ उजाडते पहाटे पाच वाजून एकोणतीस मिनिटांनी. ही चूक मात्र एकाही विद्यार्थ्यानं आजवर कुठल्या कॉलेजात निदर्शनाला आणून दिली नसेल.

फाइलींचं थोडक्यात: मोबाईलनं काढलेल्या एका पानाचा फोटो तीन-चार एमबी, बारा पानं म्हणजे पंचेचाळीसच्या आसपास. मर्यादा चार ठिकाणी असते: पीएचपीत (मूडल ज्या भाषेत लिहिलंय ती, सर्व्हरवर बसलेली), साइटवर, कोर्सवर आणि असाइनमेंटवर. चारांतली सगळ्यात लहान तीच चालते. पीएचपीची मूळ मर्यादा २ एमबी आहे, त्यामुळे असाइनमेंटच्या पानावर कितीही उदार झालात तरी खाली तो दोनचा आकडा बसलेला असतो. सर्व्हरवाल्याला सांगून तो वाढवायचा, त्याच्यासोबत 'पोस्ट'ची, म्हणजे एका वेळी पाठवता येणाऱ्या एकूण मजकुराची मर्यादाही, आणि पोरांना स्कॅनच्या अॅपमधून एकच पीडीएफ करायला शिकवायचं.

आता प्रश्नपेढी. इथं खरी करमणूक आहे.

जुन्या प्राध्यापकांकडे पंचवीस वर्षांचे प्रश्न असतात, उत्तम असतात, आणि ते श्रीलिपीत असतात. श्रीलिपीचा मजकूर त्या फॉन्टमध्ये मराठी दिसतो. मूडलमध्ये चिकटवला की आतली खरी रोमन अक्षरं आणि चिन्हं बाहेर पडतात. 'शाहू महाराजांनी कोणत्या साली' याच्या जागी डॉलर, कंस आणि टोप्या घातलेली अक्षरं येतात. "फॉन्ट टाका की सर्व्हरवर," असं सर सांगतात. तसं होत नाही. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मराठीच राहणारा मजकूर करायचा, मग एकेक प्रश्न वाचून काढायचा, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास सुटतात.

शंभर प्रश्न एकेक करून भरण्यापेक्षा साध्या नोटपॅडमध्ये 'एकेन' नावाच्या पद्धतीनं लिहून एकदम चढवता येतात. प्रश्न एका ओळीत, खाली पर्याय, शेवटी 'आन्सर' आणि अचूक अक्षर. अट एकच, पर्यायांची अक्षरं रोमन आणि मोठीच हवीत, पुढे टिंब किंवा कंस. आमचे मराठी विभागाचे लोक बाणेदारपणे अ) ब) क) ड) लिहितात. मूडल ती फाइल परत करतं. प्रश्न दोन ओळींत गेला तरी परत. 'आन्सर' लहान अक्षरांत लिहिलं तरी परत. निबंधाला पाच गुण देताना याच मंडळींचा हात एवढा कडक असतो, त्यामुळे मला मूडलबद्दल थोडी सहानुभूती आहे.

मग कोणीतरी कॉपी रोखण्यासाठी पर्यायांची उलटापालट सुरू करतो. चांगली सोय. पण चौथा पर्याय 'वरीलपैकी सर्व' असतो, आणि उलटापालटीत तो पहिल्या क्रमांकावर जातो. वर काहीच नाही, फक्त प्रश्न आहे. 'अ आणि ब दोन्ही' हा पर्याय तर स्वतःच ब होऊन बसतो. असे प्रश्न वेगळे काढून त्यांची उलटापालट बंद करायची, किंवा सरळ 'दिलेले सर्व पर्याय' असं लिहायचं. दुसरं सोपं, पण जुन्या सरांना ते अशुद्ध वाटतं.

एका शब्दात उत्तर द्या, हा प्रकार मराठीत शक्यतो टाळावाच. 'ॲ' हे अक्षर एकसंध लिहिता येतं आणि 'अ'वर चंद्र देऊनही लिहिता येतं. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं, संगणकाला दोन वेगळे शब्द दिसतात. शेजारी बसलेल्या दोन मुलींनी 'ॲसिड' लिहिलं, एकीला एक गुण, दुसरीला शून्य. त्यांना समजावताना युनिकोड शिकवावा लागतो आणि तो अभ्यासक्रमात नाही. उत्तराच्या सगळ्या शक्य लेखनपद्धती आधीच भरून ठेवणं एवढंच हातात असतं.

परीक्षेचा दिवस. दोनशे पोरं, बरोबर अकरा वाजता, सगळ्यांचं बोट एकाच बटणावर. मूडलची माहिती साठवणारं मायएसक्यूएल मूळ सेटिंगवर असेल तर एका वेळी १५१ जोडण्या घेतं. स्वस्तातल्या होस्टिंगवर त्याहून कमी. "सर, फिराय लागलंय नुसतं," असा एक सूर निघतो आणि हॉलभर पसरतो. त्यावर पोरं पान रिफ्रेश करतात आणि मागण्या दुप्पट होतात. उपाय म्हणजे तुकड्या करून दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं चाचणी उघडायची, आणि प्रत्येक पानावर एकच प्रश्न न ठेवता पाच ठेवायचे, म्हणजे सर्व्हरचे हेलपाटे कमी होतात. वेळ संपल्यावर अर्धवट चाचणी आपोआप जमा व्हावी, हे सेटिंग तपासून ठेवायचं. कारण 'सबमिट ऑल अँड फिनिश' दाबल्यावर मूडल पुन्हा एकदा विचारतं, आणि तोवर पोरगं बाहेर जाऊन मिसळीच्या गाडीवर पोचलेलं असतं.

पावसाळ्यात गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडची पोरं घरी असली तर हे सगळं बाजूला ठेवावं लागतं. वीज आणि रेंज एकाच वेळी असण्याचा योग तिकडं जुलैत फार येत नाही. मूडलच्या मोबाईल अॅपमध्ये चाचणी उतरवून घेऊन ऑफलाइन सोडवता येते, पण त्यासाठी तशी परवानगी चालू करावी लागते आणि वेळमर्यादा काढून टाकावी लागते. वेळमर्यादा काढली की परीक्षा समितीचा जीव कासावीस होतो.

सूचनांचीही एक गंमत आहे. मूडलच्या फोरमवर टाकलेली सूचना लगेच ईमेलवर जात नाही. लिहिणाऱ्याला चूक सुधारता यावी म्हणून मूळ सेटिंगप्रमाणे अर्धा तास थांबते. 'आज पहिला तास होणार नाही' असं सरांनी सकाळी सातला लिहिलं, तर तोवर गारगोटीची एसटी निघालेली असते. लिहितानाच 'लगेच पाठवा' अशी खूण करायची एक चौकट असते, ती खाली दडलेली असते. आणि सर्व्हरवरचा 'क्रॉन' हा ठरल्या वेळी कामं उरकणारा नोकर मिनिटाला एकदा उठत नसेल तर सूचना आणखी रखडतात, उठतच नसेल तर जातच नाहीत. मग प्राचार्य व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तीच सूचना टाकतात, आणि पुढच्या मिनिटात नव्वद 'ओके सर' येतात.

'स्वयम' या सरकारी ऑनलाइन कोर्सांच्या पोर्टलचं म्हणाल, तर तिथं गुंता कोर्समध्ये नसतो. अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांप्रमाणे सत्राचे चाळीस टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात, म्हणून पोरं उत्साहानं नोंदणी करतात. पण कोर्सची नोंदणी आणि परीक्षेची नोंदणी या वेगळ्या असतात. दुसरी मुदत गेली की बारा आठवडे व्हिडिओ पाहिल्याचं पुण्य पदरात राहतं, क्रेडिट राहत नाही. तिथल्याच एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या) बारा आठवड्यांच्या कोर्सला तर बारा असाइनमेंटपैकी उत्तम आठ धरून २५ पैकी निदान १०, आणि केंद्रावरच्या परीक्षेत ७५ पैकी निदान ३०, अशा दोन्ही अटी वेगवेगळ्या पाळाव्या लागतात. परीक्षेत साठ पडले आणि असाइनमेंट दिल्याच नाहीत, तर प्रमाणपत्र नाही.

एवढं सगळं चालतं ठेवण्याचं फळ शेवटी नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, मूल्यांकनाच्या वेळी मागितलं जातं. शिक्षक आयसीटी, म्हणजे संगणक-इंटरनेटची साधनं वापरतात याचा पुरावा हवा असतो. पुरावा म्हणजे मूडलचा लॉग, छापून, तीन प्रती, स्पायरल बाइंडिंग, सोबत वर्गाचा जिओटॅग केलेला फोटो, ज्यात पोरं संगणकाकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघतात. बाइंडिंग राजारामपुरीत अर्ध्या तासात होतं. लॉग मात्र आडव्या पानावर छापावा. उभ्या पानावर त्याचे नऊ रकाने मावत नाहीत आणि शेवटचा आयपी अॅड्रेसचा रकाना कापला जातो, ज्याच्यावर समितीतले एक सदस्य हमखास बोट ठेवतात.