पुलापलीकडचा पंप

न्यू जर्सीत राहणारा मराठी माणूस पुण्याला फोनवर "गॅस भरायला चाललोय" म्हणाला की पलीकडे क्षणभर शांतता पसरते. इतकी वर्षं अमेरिकेत राहून पोरगा अजून सिलिंडर घेऊन हिंडतोय, असं काहीतरी चित्र तिथे उभं राहतं. इथे गॅस म्हणजे गॅसोलिन, म्हणजे आपलं पेट्रोल, हे समजावून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग भरायला माणूस असतो ना?" आम्ही न्यू जर्सीकर छाती फुगवून सांगतो, असतो. आख्ख्या अमेरिकेत फक्त आमच्याच राज्यात कायद्याने असतो.

हा कायदा १९४९चा. सांगतात ते असं, की त्या सुमारास हॅकेनसॅकला एका पठ्ठ्याने चोवीस पंपांचं स्वतः-भरून-घ्या स्टेशन काढलं आणि गॅलनमागे, म्हणजे साधारण पावणेचार लिटरमागे, तीन सेंट कमी लावले. गिऱ्हाइकांची रीघ लागली, बाकीच्या पंपवाल्यांच्या पोटात दुखलं आणि त्यांना एकाएकी जनतेच्या सुरक्षिततेची काळजी वाटू लागली. ओरेगॉनने १९५१मध्ये असाच कायदा केला. ते बिचारे २०२३मध्ये फितूर झाले आणि निम्म्या पंपांवर लोकांना स्वतः भरायची मुभा देऊन बसले. उरलो आम्ही. इथे नळीला हात लावायचा तो पंपावरच्या माणसाने. नियम मोडला तर पहिल्या खेपेला ५० ते २५० डॉलर दंड.

त्यामुळे डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडून पेनसिल्व्हेनियात शिरलं की आमचा खरा छळ सुरू होतो. तिथल्या पंपावर न्यू जर्सीची गाडी ओळखायला नंबरप्लेट बघावी लागत नाही. इंजिन बंद, काच खाली, हात खिडकीबाहेर, हातात कार्ड, आणि चेहऱ्यावर लग्नाच्या पंगतीत वाढपी आपल्याला वगळून पुढे गेल्यावर येतो तो भाव. पाच मिनिटं कोणी येत नाही. मग मागचा ट्रकवाला हॉर्न मारतो.

पहिला प्रश्न: टाकी कुठल्या बाजूला? आपल्याच गाडीबद्दल ही माहिती नसणं लाजिरवाणं आहे, पण इतकी वर्षं ती चिंता दुसऱ्याने वाहिलेली असते. उत्तर डोळ्यांसमोरच असतं. इंधनाच्या काट्याजवळ पंपाचं चित्र असतं आणि त्याला लागून एक छोटा बाण. बाण ज्या बाजूला, टाकी त्या बाजूला. फोर्ड कंपनीतल्या जिम मॉयलन नावाच्या माणसाला १९८६मध्ये ही कल्पना सुचली. मला विचाराल तर चौकाचौकात याचा पुतळा हवा, अर्थातच योग्य दिशेला हात करून उभा असलेला.

मग कार्ड. ते खाचेत घालून चटकन ओढायचं, की मुंगीच्या पावलांनी, की आत तसंच ठेवायचं, हे प्रत्येक पंपाचं घराणं वेगळं. ते जमलं की यंत्र मुलाखत घेतं. डेबिट की क्रेडिट? आमचे सदस्य आहात का? गाडी धुऊन हवी का? पावती हवी का? आणि शेवटी झिप कोड, म्हणजे ज्या पत्त्यावर कार्डाचं बिल येतं तिथला पाच आकडी पिनकोड. पुण्याहून आलेल्या काकांचं भारतीय कार्ड इथे हमखास अडकतं, कारण पुण्याचा पिनकोड सहा आकडी आणि खोका पाचच आकड्यांचा. इलाज एकच: आत जाऊन काउंटरवर पंपाचा नंबर सांगायचा आणि "तीसचं भरतो" म्हणून आधी कार्ड किंवा रोख द्यायची.

आता तीन बटणं: ८७, ८९, ९३. इथे काकांचा अभिमान जागा होतो, "आमच्याकडे साधं पेट्रोलसुद्धा नव्वदच्या वर असतं!" काका, तो आकडा वेगळ्या मापाने काढलेला असतो. ऑक्टेन मोजायच्या दोन चाचण्या आहेत. भारतात त्यातल्या जास्त उदार चाचणीचा आकडा लावतात, अमेरिकेत दोन्हींची सरासरी. इथलं ८७ म्हणजे तिथल्या मापाने साधारण ९१च. गाडीच्या पुस्तकात ८७ लिहिलं असेल तर ९३ भरून गाडीला काही मिळत नाही, पंपवाल्याला मिळतं.

नळी उचलताना रंगावर फार विसंबू नका. डिझेलची नळी बहुतेक ठिकाणी हिरवी असते, पण एका मोठ्या कंपनीच्या पंपांवर पेट्रोलचीच हिरवी. अक्षरं वाचा. तुमची गाडी पेट्रोलची असेल तर देवाची थोडी कृपा आहे: डिझेलची नळी सहसा जाड असते, ती पेट्रोलच्या टाकीच्या तोंडात शिरतच नाही. उलटी चूक मात्र बिनबोभाट होते, आणि डिझेल गाडीत पेट्रोल गेलं तर इंजिन सुरूसुद्धा करू नका, थेट टोइंगवाल्याला बोलवा.

नळी आत गेली, खटका दाबला. खटक्याखाली एक छोटी कडी असते, तिच्यात तो अडकवला की हात मोकळा. काही ठिकाणी ही कडी काढून टाकलेली असते. तिथे कल्पक लोक टाकीचं झाकणच खटक्यात पाचरीसारखं बसवतात. हे करू नका. आणि थंडी वाजते म्हणून नळी चालू ठेवून गाडीत जाऊनही बसू नका. कोरड्या हिवाळ्यात सीटवरून घसरत उतरताना अंगात स्थिर वीज साठते आणि परत नळीला हात लावला की ठिणगी. नेमकी तिथे, जिथे पेट्रोलची वाफ असते. बसलातच, तर उतरल्यावर आधी नळीपासून लांब, दाराच्या पत्र्याला हात टेकवा.

टाकी भरली हे नळीला कळतं कसं, याचं मला अजून कौतुक वाटतं. यात काही कॉम्प्युटर नाही. नळीच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. पेट्रोल वाहत असताना त्या भोकातून हवा आत ओढली जाते. टाकी भरून पेट्रोल त्या भोकापर्यंत चढलं की हवा बंद होते, हँडलमधला पडदा खेचला जातो आणि झडप मिटते. टक. हा टक म्हणजे पूर्णविराम. पण आपल्याला राउंड फिगरचं वेड. ३८.७३ डॉलर दिसले की ४० केल्याशिवाय चैन पडत नाही. टक, टक, टक. वर ढोसलेलं ते पेट्रोल टाकीची वाफ शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरतं. तो डबा वाफेसाठी असतो, आंघोळीसाठी नाही. तो खराब झाला की डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि सव्वा डॉलरच्या राउंड फिगरचं बिल शेकड्यांत जातं. झाकण आवाज येईपर्यंत घट्ट फिरवलं नाही तरी हाच दिवा लागतो. तो मात्र झाकण नीट लावून थोडे दिवस गाडी चालवली की आपोआप जातो. पावती? पडद्यावर येतं, "पावतीसाठी आत काउंटरवर भेटा." आतला कागद नेहमी आपल्याच आधी संपलेला असतो.

आता एवढं सगळं करताना मान वळवून त्या बादलीकडे बघा. दोन पंपांच्या मधे, कागदी रुमालांच्या रिकाम्या खोक्याखाली, काळ्या पाण्यात बुडालेला काच पुसायचा वायपर. एका बाजूला स्पंज, दुसऱ्या बाजूला रबर, दांडा इतका आखूड की मोठ्या गाडीची काच अर्धीच पुसली जाते, नेमकी शेजारच्या सीटसमोरची. जानेवारीत बादलीत साधं पाणी असेल तर वायपर बर्फात रुतून बसतो, परशुरामाच्या बाणासारखा. त्या बादलीत एका आख्ख्या व्यवसायाची समाधी आहे.

कारण पूर्वी हे काम माणसं करत. पिट्सबर्गला १ डिसेंबर १९१३ रोजी गल्फ कंपनीने गाडी आत घेऊन भरायचं स्टेशन उघडलं. त्याआधी लोक किराणा किंवा औषधाच्या दुकानातून डब्याने पेट्रोल आणत, नाहीतर फुटपाथच्या कडेच्या पंपावर रस्ता अडवून भरत. भाव गॅलनला २७ सेंट. पहिल्या दिवशी खपलं ३० गॅलन, म्हणजे आजच्या दोन मोठ्या गाड्यांपुरतं. पण हवा फुकट, पाणी फुकट, आणि पुढे रस्त्यांचे नकाशेही फुकट.

त्यानंतरची पन्नासेक वर्षं म्हणजे त्या घंटेचा काळ. स्टेशनच्या तोंडाशी जमिनीवर एक काळी रबरी नळी आडवी टाकलेली असे. नळीत फक्त हवा. चाक वरून गेलं की हवेचा दाब पुढे सरकून दुसऱ्या टोकाचा पडदा हलवी आणि घंटा वाजे. पुढच्या चाकांची एक, मागच्या चाकांची एक: टिंग, टिंग. दुसरा टिंग विरायच्या आत टोपीवाला गणवेशधारी खिडकीशी हजर. नळी टाकीत लावायची, आणि टाकी भरेपर्यंतच्या दोन-तीन मिनिटांत बाकी सगळं उरकायचं. काच ओली करून रबराने वरून खाली ओढायची, प्रत्येक ओढीनंतर रबर फडक्याला पुसायचं, नाहीतर काचेवर रेघा उठतात. मग बॉनेट उघडून ऑइलची पट्टी काढायची, पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढायची आणि गिऱ्हाइकाला आडवी धरून दाखवायची. पट्टीवरच्या दोन खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत एक क्वार्टचं, म्हणजे लिटरला थोडं कमी. रेडिएटरचं पाणी, पंख्याचा पट्टा, चार टायरांची हवा. सगळं फुकट.

आठवणींत फार वाहवत जाऊ नये म्हणून हेही सांगतो, की त्या टोपीखाली सगळेच संत नव्हते. पट्टी मुद्दाम अर्धवट आत घालायची, म्हणजे ऑइल कमी दिसतं आणि एक डबा खपतो. याला धंद्यात शॉर्ट-स्टिकिंग असं नावच होतं. चलाखी न करताही हा डबा खपवता येई: इंजिन बंद केल्या केल्या पट्टी काढली तर बरंचसं ऑइल अजून वरच असतं, खालच्या तळ्यात उतरलेलं नसतं. पाच मिनिटं थांबून, सपाट जागेवर बघावं. परगावची नंबरप्लेट दिसली की पंख्याच्या पट्ट्याला हळूच ब्लेड लावणारे महाभागही होते. आपल्याकडे "साहेब, झिरो बघा" म्हणत दुसऱ्या हाताने आपलं लक्ष पाकिटाकडे वळवणारे असतात, त्यांचे हे अमेरिकन मावसभाऊ.

तरी हा माणूस चोरीमुळे गेला नाही, सेंटांमुळे गेला. १९४७मध्ये लॉस एंजेलिसला फ्रँक युरिच याने स्वतः भरा, पाच सेंट वाचवा, असं स्टेशन काढलं. पैसे गोळा करायला मुली रोलर स्केट्सवर फिरत. पुढे काउंटरवर बसून पंप चालू-बंद करायची यंत्रणा आली, १९७३च्या तेलटंचाईने भाव भडकले आणि लोक खुशीने गाडीतून उतरले. गाड्याही बदलल्या. ऑइल पाच-दहा हजार मैल टिकू लागलं, टायरची हवा गाडीच सांगू लागली, आणि काही नव्या गाड्यांना तर पट्टीच नाही! बॉनेट उघडून हा माणूस बघणार काय? जिथे गाडी वर उचलायची लिफ्ट होती तिथे आता तापल्या रुळांवर हॉट डॉग फिरतात. नफा त्यांच्यात जास्त आहे.

हवा तेवढी विकत झाली. दीड-दोन डॉलर टाकले की यंत्र तीन-चार मिनिटं घरघरतं. (कॅलिफोर्नियात पेट्रोल घेणाऱ्याला आणि कनेटिकटात सगळ्यांनाच हवा फुकट द्यावी लागते, कायदाच आहे.) गाडी चालवत तिथवर गेलं की टायर तापून दाब तीन-चार पाउंडांनी वाढलेला असतो, म्हणून घरीच सकाळी थंड टायर मोजावा आणि किती कमी आहे ते लक्षात ठेवून तेवढीच भरावी. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या चिकटपट्टीचा घ्यायचा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. तेवढी हवा भरली तर गाडी खड्ड्यांची गणती करत जाते.

आणि आमचं न्यू जर्सी? कायदा नीट वाचा. त्यात माणसाने भरायचं ते फक्त इंधन. काच नाही, ऑइल नाही, हवा नाही. कायद्याच्याच मजकुरात खंत आहे की स्वतः भरायच्या पद्धतीमुळे स्टेशनांवरच्या दुरुस्तीच्या सोयी कमी होतात. आमच्याकडे ती पद्धत आलीच नाही, सोयी तरीही गेल्या. उरलं ते खिडकीतलं तीन शब्दांचं संभाषण: "फिल, रेग्युलर, कॅश." भारतीयांची वस्ती असलेल्या एडिसन गावाच्या बाजूला ते हिंदीतही होतं. रोखीचा भाव वेगळा, कार्डाचा वेगळा, आणि पाटीवर ठळक आकडा रोखीचा. एका माणसाकडे आठ पंप असले की तुमची नळी केव्हाच टक करून थांबलेली असते, तो पार आठव्या पंपाशी कोणाला तरी सुट्टे देत असतो, आणि नळी काढायला कायदा आडवा येतो. टाकीला दोर बांधलेल्या म्हशीसारखं उभं राहायचं.

तरी आम्ही पूल ओलांडताना काटा बघून घेतो. पेट्रोल संपत आल्याचा पिवळा दिवा लागल्यावर बहुतेक गाड्यांत दीड-दोन गॅलन शिल्लक असतं, म्हणजे तीस-चाळीस मैल. फिलाडेल्फियाहून परतताना तो लागला तरी पंपावर उतरायचं नाव नाही, हिशेब मांडत नदीच गाठायची. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, वरचेवर रिकामी टाकी पळवली की तो जळतो आणि त्याचं काम आठशे-हजार डॉलरला सहज जातं, हे आम्हाला माहीत असतं. पुलाचा टोल मात्र फक्त न्यू जर्सीतून बाहेर पडताना लागतो. आत यायला फुकट.