फळ्यावरची नावे

सांगली जिल्ह्यातील आमच्या शाळेत मी दोन वर्षे वर्गाचा मॉनिटर होतो. सर वर्गाबाहेर गेले की खडू घ्यायचा, फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘बोलणारी मुले’ असे लिहून खाली रेघ मारायची आणि नावे नोंदवत जायचे, एवढेच माझे काम होते. वर्गात एक मुलगा अडखळत बोलायचा. मधल्या सुट्टीत चार-पाच जण त्याला घेरून त्याच्याकडून त्याचेच नाव पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचे आणि हसायचे. त्यांची नावे मी कधीही फळ्यावर लिहिली नाहीत, कारण चिडवणाऱ्यांसाठी तिथे रकानाच नव्हता. उलट, एकदा तो रडत रडत शेजाऱ्याला काहीतरी सांगू लागला, तेव्हा मी त्याचेच नाव लिहिले.

फिनलंडमधील एस्पो शहरात माझी मुलगी सातवीत गेली, तेव्हा हे सारे पुन्हा आठवले. इथे सहावीपर्यंतचे वर्ग ओळखीच्या छोट्या शाळेत होतात आणि सातवीला बरीच मुले नव्या इमारतीत, नव्या वर्गमित्रांमध्ये जाऊन पडतात. या टप्प्यावर आठवी-नववीतील काही मुले त्यांच्या सोबतीला दिली जातात. त्यांना ‘तुकिओप्पिलास’, म्हणजे आधार देणारा विद्यार्थी, असे म्हणतात. बालकल्याणाचे काम करणारी मान्नरहाइम संघ ही संस्था 1972 पासून हा उपक्रम चालवीत आली आहे. ही मुले निवडून, प्रशिक्षण देऊन नेमलेली असतात आणि त्यांच्यामागे शाळेतील एक शिक्षक उभा असतो. पहिल्या आठवड्यात माझी मुलगी जेवणाच्या दालनात कोपऱ्यात एकटी बसली असताना नववीतील एक मुलगी वाटाण्याच्या सूपची थाळी घेऊन तिच्या शेजारी येऊन बसली. कोणी त्रास देते का, असे तिने विचारले नाही. जिम्नॅशियम कुठे आहे आणि गणिताच्या बाई गृहपाठ किती देतात, एवढेच तिने सांगितले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली आणि येताना सातवीतल्याच आणखी दोघींना घेऊन आली.

आमच्या मॉनिटरकीत आणि या पद्धतीत मला मूलभूत फरक दिसतो. मॉनिटरची सत्ता सरांकडून उसनी आलेली असते, तो नावे वर पोहोचवतो आणि वर्गाच्या दृष्टीने चुगलखोर ठरतो. आधार देणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र शिक्षा करण्याचा अधिकार मुळीच नसतो. विश्वासाने सांगितलेले त्याने जपायचे असते, आणि गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची वाटली की मोठ्या माणसाकडे न्यायची असते. मराठीत ‘दादा’ या एकाच शब्दातून पाठीवर हात ठेवणारा भाऊ निघतो आणि ‘दादागिरी’ही निघते, वयाने मोठ्या मुलाच्या हाती आपण काय देतो, यावर त्यातले कोणते उगवेल हे ठरते.

महाराष्ट्रातील चर्चा मी इथून वाचतो, तेव्हा तिचा भर पहाऱ्यावर असल्याचे जाणवते. 2024 मध्ये बदलापूरचे लैंगिक अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले आणि राज्य सरकारने शाळांना महिनाभरात सीसीटीव्ही बसवण्यास सांगितले. तक्रारपेट्या आहेत, मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमायच्या सखी सावित्री समित्या आहेत, रॅगिंगविरोधी कायदा तर 1999 पासून आहे. मोठ्या माणसांकडून होणाऱ्या अत्याचाराला आवर घालण्यासाठी हे सारे हवेच, याबद्दल वाद नाही. पण मुलांनी मुलांना दिलेला त्रास कॅमेऱ्याला हसण्या-खिदळण्यासारखा दिसतो, आणि ज्याला आपले नावही नीट उच्चारू दिले जात नाही, तो पेटीत चिठ्ठी टाकायला सर्वांदेखत जाईल, हे मला पटत नाही.

तरीही इथले सारे उचलून तिकडे नेऊन ठेवावे, असे मी म्हणणार नाही. एप्रिल 2024 मध्ये इथून जवळच्या वांता शहरातील शाळेत 12 वर्षांच्या मुलाने गोळीबार केला, त्यात त्याच्याच वयाचा एक विद्यार्थी मरण पावला, आणि आपला छळ होत होता असे त्या मुलाने पोलिसांना सांगितले. आधार देणारे विद्यार्थी असलेल्या देशातही हे घडले. शिवाय मारिया टोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन या संशोधकांनी 2011 मध्ये अनेक देशांतील उपक्रमांचा एकत्रित अभ्यास मांडला, तेव्हा छळ हाताळण्याचे काम औपचारिकपणे मुलांवर सोपवले तिथे त्रास भोगणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचे आढळले. म्हणूनच तुर्कू विद्यापीठात क्रिस्टीना साल्मिवाल्ली यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला आणि 2009 पासून देशभर गेलेला ‘किवा’ हा छळविरोधी कार्यक्रम मला अधिक शहाणा वाटतो. छळात त्रास देणारा आणि सोसणारा एवढे दोघेच नसतात, तर खिदळणारे, साथ देणारे, बाजूला उभे राहणारे आणि बचावाला धावणारेही असतात, हे त्यांनी सहकाऱ्यांसह 1996 मध्येच दाखवले होते. किवामध्ये त्रास देणाऱ्याशी बोलणे हे शाळेतील मोठ्यांच्या गटाचे काम असते. वर्गातील दोन-चार मुलांना फक्त सोसणाऱ्याच्या सोबतीला राहण्याची विनंती केली जाते. त्या मधल्या सुट्टीत मी कोणत्या गटात होतो, हे मला सांगावे लागू नये.

माझी धाकटी बहीण सांगलीकडेच माध्यमिक शाळेत शिकवते. तिला फोनवर हे सांगितले, तर ती म्हणाली, “दादा, इथे एकेका वर्गात साठ पोरं, आणि दहावीच्या पालकांना मुलाचा अर्धा तासही वाया गेलेला चालत नाही.” तिचे म्हणणे खरे आहे. म्हणून दहावीची मुले वगळून नववीतल्या मुलांना पाचवीच्या सोबतीला द्यावे, असे मी सुचवले. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत सर्वांत मोठे असलेले मूल जूनमध्ये हायस्कूलच्या पाचवीत येते आणि एका दिवसात सर्वांत लहान होते. इथल्या सातवीसारखाच तो टप्पा आहे. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली की पाण्याच्या टाकीजवळ पाचवीच्या पोरांना मोठी मुले नळाशी उभेच राहू देत नाहीत, तेव्हा आधी नववीतल्या दोन मुली तिथे बसवून पाहते, “पण त्यांच्या हातात वही देणार नाही.”