समाजशास्त्रज्ञाला दारातच थोपवावे

हवामानबदल ही निव्वळ कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंची खोडी आहे असे मानून चाललात, तर आपली झोप शाबूत राहील. रेणूला उत्पन्न नसते, वर्ग नसतो, कोणत्याही कंपनीचे भागभांडवल त्याच्या नावावर नसते. त्याच्याविरुद्ध कितीही कडक भाषण केले तरी सभागृहातले कोणी दुखावत नाही. समाजशास्त्रज्ञ मात्र हा रेणू हवेत सोडला कोणी, कोणाच्या सोयीसाठी, आणि त्याची झळ लागली कोणाला, असे प्रश्न काढून चांगल्या चाललेल्या कामात खोडा घालतो. त्याच्यापासून विषयाचे रक्षण कसे करावे, याविषयी काही सूचना इच्छुकांच्या सोयीसाठी देत आहे.

सर्वांत जास्त खबरदारी मृत्यूंच्या बाबतीत घ्यावी. उष्णतेच्या लाटेत माणसे दगावली, तर सगळा दोष तापमापकावर टाकून मोकळे व्हावे. शिकागो शहराने जुलै 1995 मध्ये याचा उत्तम वस्तुपाठ घालून दिला. पारा 41 अंश सेल्सिअसपर्यंत चढला, शवागारात जागा उरली नाही म्हणून बाहेर शीतकरणाची सोय असलेले ट्रक उभे करावे लागले, आणि एरवीपेक्षा 739 मृत्यू अधिक झाल्याचे पुढे हिशेबात निघाले. महापौरांनी आधी मृतांच्या आकड्यावरच शंका घेतली, हे योग्यच झाले. समाजसेवा खात्याच्या प्रमुखांनी ही माणसे स्वतःची हेळसांड केल्यामुळे मेली असा अभिप्राय दिला, हे त्याहून योग्य. आणि चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या नावात उष्णतेचा उल्लेखही न येता ‘तीव्र हवामान परिस्थिती’ असे भारदस्त शब्द आले, तेव्हा तर प्रकरण मिटल्यातच जमा होते.

तेवढ्यात एरिक क्लायनेनबर्ग हे समाजशास्त्रज्ञ शवविच्छेदन करायला निघाले, तेही प्रेतांचे नव्हे तर शहराचे. त्यांनी नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या लगतच्या दोन वस्त्या निवडल्या. दोन्हीकडे ऊन तेच, आणि एकट्याने राहणाऱ्या गरीब वृद्धांचे प्रमाणही जवळजवळ सारखे. तरी उत्तरेकडचा मृत्युदर दक्षिणेच्या सुमारे दहापट निघाला. दक्षिणेत रस्त्यावर दुकाने होती, वर्दळ होती, म्हातारी माणसे घराबाहेर पडून गारव्याला जाऊन बसू शकत होती. उत्तरेत कारखाने गेले होते, त्यांच्यामागोमाग दुकाने आणि शेजारीही गेले होते, मोकळे पडलेले भूखंड आणि गुन्हेगारीची भीती तेवढी मागे राहिली होती. त्यामुळे वृद्धांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या आणि ते घरातच दगावले. भरीस भर म्हणजे, एकट्या राहणाऱ्या वृद्धांत स्त्रियांची संख्या मोठी असूनही जिवाला मुकण्याचा धोका पुरुषांना अधिक होता, कारण त्यांची विचारपूस करणारे कोणी उरले नव्हते. (असले निष्कर्ष हवामानखात्याच्या कोणत्याही रकान्यात बसत नाहीत, हे त्यांचे मोठेच वैगुण्य होय.) पंखे वाटून आणि छायाचित्र काढून ज्या संकटाची बोळवण करता येते, त्याच्याशी बंद पडलेल्या दुकानांचा संबंध जोडणारा कोणी भेटलाच, तर विषयांतर होत असल्याचे त्याला नम्रपणे सांगावे.

जबाबदारीचे वाटप करताना मन मोठे ठेवावे आणि ती सर्वांना सारखी द्यावी. प्रत्येकाने आपापले कार्बन पदचिन्ह, म्हणजे आपल्या राहणीमुळे हवेत किती कार्बन जातो ते, मोजावे, ही कल्पना घरोघरी पोचवण्यासाठी ब्रिटिश पेट्रोलियम या तेल कंपनीनेच 2004 च्या सुमारास गणकयंत्र उपलब्ध करून दिले होते; इतका निःस्वार्थीपणा विरळाच. 1990 ते 2015 या काळातील एकूण उत्सर्जनापैकी निम्म्याहून थोडे अधिक जगातील सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोकांचे आणि गरीब अर्ध्या जगाचे मिळून जेमतेम सात टक्के, असा ऑक्सफॅम या स्वयंसेवी संस्थेचा अंदाज आहे. असा तक्ता कोणी पडद्यावर लावलाच, तर ‘आपण सारे एकाच पृथ्वीचे रहिवासी आहोत’ हे वाक्य धीरगंभीर आवाजात म्हणावे.

यानंतर लोकांच्या सवयींकडे वळावे आणि त्या सवयी आकाशातून पडल्या आहेत असे समजावे. एलिझाबेथ शोव्ह यांच्यासारख्या अभ्यासक सांगतात की, सुखद वाटणारे तापमान हा शरीराचा अटळ नियम नसून इमारती, यंत्रे, कामाच्या वेळा आणि पोशाख यांनी मिळून घडवलेली अपेक्षा आहे. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने 2005 च्या उन्हाळ्यात ही गोष्ट भलतीच मनावर घेतली. कार्यालयांत वातानुकूलन 28 अंशांवर ठेवण्याचे आवाहन करताना त्याने पुरुषांना कोट आणि टाय उतरवण्याची मुभा दिली, आणि पंतप्रधान कोइझुमी स्वतः टायविना वावरू लागले. आपण असा थिल्लरपणा करू नये. कोट घालूनच, खोली गार करूनच, वीजबचतीवर व्याख्यान द्यावे आणि लोक ऐकत नाहीत याबद्दल हळहळावे.

लोकांना माहिती नसते म्हणून ते गप्प बसतात, हा सिद्धान्तही प्राणपणाने जपावा. कॅरी नॉरगार्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 2000-01 च्या हिवाळ्यात नॉर्वेतील एका गावात राहून पाहिले, तेव्हा बर्फ उशिरा पडला होता, तळे नीट गोठले नव्हते, आणि गावातल्या सुशिक्षित लोकांना याचे कारणही ठाऊक होते. तरी गप्पा हवेवरून सुरू होऊन हवेवरच संपत. भीती, अपराधीपण आणि तेलावर पोसलेली समृद्धी यांच्या ओझ्याखाली न बोलण्याची रीत सगळ्यांनी मिळून सांभाळली होती. हे मान्य केले, तर आपल्या माहितीपत्रकांच्या छपाईचे काय होणार?

एवढे करूनही समाजशास्त्रज्ञाला घेण्याचा आदेश वरून आलाच, तर त्याला अगदी शेवटी बोलवावे. समुद्रकाठच्या संरक्षक भिंतीचा आराखडा मंजूर झाला, निविदा निघाली आणि काठावरचे लोक अडून बसले, की मग त्यांची समजूत घालण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे. ‘सामाजिक पैलू’ या मथळ्याखाली त्याला परिशिष्टाच्या अलीकडची दोन पाने द्यावीत. त्यातही ही भिंत नेमकी कोणाच्या घरांपुढे येऊन संपते आणि तिथेच का, असे तो विचारू लागला, तर प्रश्न समितीच्या कार्यकक्षेबाहेरचा असल्याची नोंद इतिवृत्तात करून घ्यावी.