गंज आढळला नाही

आज संध्याकाळी माझ्या ओट्यावर एका मोबाईलनं माझ्या आईची चूक काढली. आणि भाचा हसला. त्याला अजून रस्सा पचलाही नसेल आणि मी हे लिहायला बसलेय. त्यानं वाचलं तर वाचू दे.

झालं असं. भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून त्यांच्या ग्रुपनं स्वयंपाक शिकवणारं ॲप केलंय. फोन स्टँडवर, कॅमेरा गॅसकडे. स्क्रीनवर आपलाच ओटा दिसतो आणि त्याच्यावर हिरवे गोल, बाण, उलटे धावणारे सेकंद. इथे टाका, आता हलवा, आता थांबा. त्याला ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी म्हणतात म्हणे. कांदा आहे की लसूण हे ओळखायचं काम मशीन लर्निंग करतं. चाचणीसाठी ओटा माझा, कारण ताईनं त्याला घरच्या ओट्याजवळ फिरकू दिलं नाही. शहाणी आहे.

म्हणाला, "मावशी, आजीच्या वहीतलं काहीतरी करू. पाटोडी रस्सा करू." मी विरघळलेच. आईची वही म्हणजे 1987 ची एक जुनी डायरी, पानापानावर हळदीची बोटं. त्यानं पानाचा फोटो काढला, ॲपनं अक्षर वाचलं. इथवर कौतुक वाटलं, खोटं का बोलू.

वहीत पहिलीच ओळ, "मोठा गंज घेणे." आमच्या नागपुरात गंज म्हणजे पातेलं. ॲपनं माझं पातेलं चारी बाजूंनी तपासलं आणि लिहिलं, "भांड्यावर गंज आढळला नाही."

मी हसले. इथवर मजा होती. मग खाली आईनं लिहिलेलं, "वरून सांबार भरपूर." तर हा बाबा ओट्यावर सांबार मसाल्याचं पाकीट शोधायला लागला! हिरवागार सांबार तिथेच चिरून ठेवलेला, त्याच्यावर नीट गोल काढून "कोथिंबीर" लिहिलेलं, आणि वर सूचना, "सांबार मसाला दिसत नाही. पर्याय निवडा." नशीब पेंचमधलं सांबर शोधायला नाही निघाला.

भाचा म्हणाला, "आजीनं चुकून लिहिलं असेल गं."

चुकून? अरे बाप्पा, तू इथल्या महाल भागात जन्मलास! गोकुळपेठेच्या बाजारात भाजीवाली शेवटी पिशवीत काय कोंबते, कोथिंबीर? सांबारवडी खाताना तुला कधी इडली आठवली का? यंत्राला कळलं नाही हे समजू शकते, ते बिचारं पुण्यामुंबईची मराठी शिकून आलेलं. पण वही आणि यंत्र यांचं भांडण लागल्यावर पोट्ट्यानं आधी कोणाची बाजू घेतली? ते लागलं मला.

त्यानं समजावलं मग. म्हणे या मॉडेलांना ढिगानं फोटो दाखवून शिकवतात. 2014 मध्ये झुरिकच्या लोकांनी केलेला फूड-101 नावाचा एक गठ्ठा आहे, 101 पदार्थ, प्रत्येकाचे हजार फोटो, खूप जण तिथूनच सुरुवात करतात. मी विचारलं, आपलं काय आहे त्यात? "समोसा आहे." पोहे? नाहीत. तर्री पोहे विचारायची हिंमतच झाली नाही. आणि हे सगळे ताटातले, तयार पदार्थांचे फोटो! ताटात वाढलेल्या पाटोडीवरून बेसन घोटायचं कसं कळणार? आता डोक्याला कॅमेरे बांधून लोकांच्या स्वयंपाकघरातलं चित्रणही वापरतात म्हणाला. बरं. त्यातलं एकही डोकं इतवारीतलं नसणार, पैज लावते.

आई असती तर काय म्हणाली असती ते सांगते. आईला शेवटच्या पाच-सहा वर्षांत काचबिंदूनं जवळजवळ दिसेनासं झालं होतं. तरी रोजचा स्वयंपाक तीच करायची. बेसन घोटताना मान तिरकी करून कान गंजाकडे. आधी बुडबुड, मग फदफद. "फदफद थांबली की झालं. मग चाटू उभा राहतो का ते पाय." खोबरं भाजताना ती मागच्या खोलीत असली तरी ओरडायची, "काढ वं, जळतंय!" आणि मी कढईत बघत असायचे, डोळ्यांनी, धडधाकट डोळ्यांनी, आणि मला काहीच दिसत नसायचं. दहा सेकंदांनी दिसायचं.

या ॲपला फक्त डोळे आहेत. तेही धड नाहीत. माझ्या ओट्यावर पिवळा दिवा आहे, फोनचा कॅमेरा आपल्या मनानं रंग सुधारून घेतो, आणि वर गंजातली वाफ. मसाला पुरेसा भाजला होता, वास सांगत होता, पण स्क्रीनवर "आणखी 40 सेकंद परता". मी गॅस बंद केला. भाच्याचं तोंड बघण्यासारखं झालं. प्रयोगात फेरफार केला म्हणे मी!

तेल किती तापलंय हेही साध्या कॅमेऱ्याला कळत नाही. ते वेळ मोजून अंदाज बांधतं. अंदाजच बांधायचा तर मी काय वाईट?

ठीक आहे, ज्यानं आयुष्यात गॅस पेटवला नाही, घरापासून लांब खोली करून राहतो, त्याला वरण-भातापुरतं बरं आहे. मान्य. पुढे.

खरं तर पुढे नाही जाता येत मला. हे लिहिता लिहिता दुसरंच आठवत बसलंय.

आईला सगळं कानानं, नाकानं कळायचं हे मी मघाशी अभिमानानं लिहिलं. सगळं नाही कळायचं. धणेपूड कोणती आणि जिरेपूड कोणती हे हुंगून कळायचं, पण सर्दी झाली की संपलं. मसाल्याचा रंगही तिला विचारावा लागायचा. मग ती मला व्हिडिओ कॉल करायची. मी सदरला ऑफिसात, ती महालात ओट्याशी. फोन धरता यायचा नाही नीट, मला बहुतेक वेळा छत दिसायचं नाहीतर तिची हनुवटी. मी म्हणायचे, "खाली कर, अजून खाली, डावीकडे." मग गंज दिसायचा. "पाय बरं, लाल झाला का?"

म्हणजे ॲपचं हेच काम मी तेव्हा करत होते की! बाण नव्हते एवढंच.

एकदा महिनाअखेर होती. समोर माणसं बसलेली. तिचा कॉल आला, मी टेबलाखाली धरून नजर न टाकता म्हटलं, "हो, झाला, टाक पाणी." मसाला पार जळलेला होता. नातवंडं जेवायला येणार म्हणून पाटोडी रस्सा. संध्याकाळी गेले तर रस्सा काळपट, कडू. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, "वास आला होता मला. पण तू म्हणाली झाला, म्हटलं माझंच नाक गेलं."

ते पोट्ट्याचं ॲप असतं तर निदान गंजात बघून बोललं असतं. त्याच्यासमोर माणसं बसलेली नसतात. डबा समोर धरला की त्यावरचं नाव मोठ्यानं वाचतं ते, आज पाहिलं मी. रात्री दोन वाजता विचारलं तरी वाचेल. एवढं मी कबूल करते आणि हे लिहिताना मला अजिबात बरं वाटत नाहीये.

पण तिच्या नाकाचं मशीननं तरी काय केलं असतं? तेही "आणखी 40 सेकंद" म्हणालं असतं, आणि तिनं त्याचंही ऐकलं असतं.

असो. पाटोड्या उत्तम झाल्या. बेसन घोटताना मी फोन पालथा ठेवायला लावला आणि भाच्याला गंजाजवळ कान न्यायला लावला. वाफ लागली तेव्हा ओरडला, मग गप्प बसला, मग म्हणाला, "मावशी, थांबली." थांबलीच होती. चार पाटोड्या जास्त खाल्ल्या त्यानं.

जाताना त्यानं ॲपमध्ये लिहून घेतलं, गंज म्हणजे पातेलं, सांबार म्हणजे कोथिंबीर, सराटा म्हणजे उलथणं. आणि म्हणाला, वही रविवारपर्यंत दे, सगळ्या पानांचे फोटो काढतो.

वही मिळणार नाही. रविवारी तू इकडे ये, मी वाचते, तू लिही. येताना दहा रुपयांचा सांबार आण. मसाल्याचं पाकीट आणलंस तर दारातूनच परत जाशील.