दार बंद होतं म्हणे

परवा दुपारी मोबाईलवर मेसेज आला, 'डिलिव्हरीचा प्रयत्न केला, दार बंद होतं.' दार बंद! आखाजी, म्हणजे आमची अक्षय तृतीया, तोंडावर आलेली, अमळनेरचं ते ऊन, घरात लाईट नाही, म्हणून मी सकाळी दहापासून ओट्यावर बनियनवर बसलेलो, दार सताड उघडं. कुत्रं आत जाऊन पाणी पिऊन आलं, त्याला दार सापडलं.

पार्सल म्हणजे एक रोलप्लेइंग गेम, क्राउडफंडिंगवाला. आधी पैसे आपण भरायचे, मग ते लोक गेम बनवणार. २०२२ च्या दिवाळीत भरले, पुढच्या दिवाळीला मिळणार होता. तेव्हापासून ईमेल येताहेत: चित्रं राहिलीत, कागद महागला, छपाई चीनमध्ये, कंटेनर बंदरात. मध्येच पोस्टेज वेगळं मागितलं, तेही दिलं, वरून कस्टम ड्युटी.

समोरच्या ओट्यावरून आप्पा बघत होते.

"काय शे रे त्या पार्सलमा?"

"गेम आहे आप्पा. पुस्तक आणि सात फासे."

फासे म्हटल्याबरोबर आप्पा चपला घालून इकडे. आखाजीला आमच्याकडे जुगाराला घरातूनच परवानगी, एरवी पत्ता दिसला की ओरडणारी आजी त्या दिवशी सुट्टे पैसे काढून देते.

"डाव कितलाना?"

"पैसे लावत नाहीत यात."

"मंग फासा कसाले?"

आता आली का पंचाईत. म्हटलं, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात, कोणी जादूगार, कोणी चोर. समजा चोराला कुलूप उघडायचंय, तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, आकडा मोठा आला की उघडलं.

आप्पांनी तंबाखू मळली, बराच वेळ मळली.

"कुलूप कोठे शे?"

"कुठेच नाही. गोष्टीत."

"चोर?"

"मी."

"आन पैसा?"

"पैसे खरे. नऊ हजार."

मी घाईघाईने सांगितलं की १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स काढला तेव्हापासून लोक हे खेळताहेत, येडे नाहीत ते. आप्पा म्हणाले, "तवय आमना गावमा बी सोंगे व्हतीत. फुकट." मग थोडं थांबून, "हाई ते भिशी शे."

लागलं ते मनाला. कारण भिशीसुद्धा नाही ना ही! भिशीवाला पळाला तर त्याच्या सासूच्या दारात जाऊन बसता येतं. इथे मी कुणाच्या दारात बसू? पैसे दिले म्हणजे तुम्ही सामान विकत घेतलं नाही, प्रोजेक्टला हातभार लावला, असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, म्हणजे भांडायचीही सोय नाही. आणि ज्यांच्यासाठी मागवला ते? एक पुण्याला गेला, एक सुरतेला, एकाचं लग्न झालं आणि तो आता नऊ वाजता झोपतो, चौथ्याने तर परवा विचारलं, कुठला गेम? पाच जणांचा खेळ आहे, उरलो मी. याचा ईमेल मात्र कोणी पाठवत नाही.

काल आप्पा सकाळपासून माझ्याच ओट्यावर, तांब्या घेऊन, पहाऱ्याला. चार वाजता मेसेज, 'दार बंद होतं.' मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून वाचला, मागे वळून दार बघितलं, उघडंच होतं. एक शिवी दिली, इथे लिहिण्यासारखी नाही. मग माझ्याकडे सरकून हळूच म्हणाले,

"तू चोर ना? मंग मी कोन?"