नव्या सुनेची पारख: काही सोप्या युक्त्या

चर्चच्या मंडळीत नवं माणूस आलं की त्याला प्रेमानं जवळ घ्या, असं आमचे पाळकसाहेब महिन्यातून दोनदा तरी सांगतात. कसं घ्यायचं ते मात्र सांगत नाहीत. ती कसर गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर आमच्या जालन्यातल्या आयाबायांनी भरून काढली. माझी सून, लग्नाला जेमतेम तीन आठवडे झालेले, हातात चहाचा कागदी कप, आणि भोवती पाच जणी. मी दोन हातांवर उभी होते, म्हणून ही विद्या आयतीच मिळाली. तुम्हालाही देते, फुकट.

सुरुवात आडनावापासून करावी. ‘आडनाव काय म्हणलीस गं माहेरचं?’ पोरीनं सांगितलं. आता आडनाव बायबलमधलं निघालं आणि त्यावरून काहीच कळेना, तर खचून जाऊ नका. पुढचा प्रश्न टाका: ‘ते झालं गं, पण मूळचे कोण तुम्ही?’ पोर भोळी. ‘मूळचे उदगीरचे,’ म्हणाली. पाची जणींनी एकमेकींकडे बघितलं. एकीचं चहात बुडवलेलं बिस्कीट तसंच राहिलं आणि तुटून तळाशी गेलं. उदगीर कुणाला हवं होतं?

काय हवं होतं ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही. आपल्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो गावकुसाबाहेरून उठून. नारायण शेषाद्री जन्मानं ब्राह्मण, 1843 साली ख्रिस्ती झाले, पुढं जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. कुणाला घेऊन? ज्यांना गाव आपल्या आडाला हात लावू देत नव्हतं, त्यांना घेऊन. आणि आज त्यांच्याच पणतवंडांना सुनेचं मूळ उकरल्याशिवाय चहा गोड लागत नाही! सरकारच्या 1950 च्या आदेशानं अनुसूचित जातीची सवलत हिंदूंपुरती ठेवली. 1956 ला त्यात शीख आले, 1990 ला बौद्ध आले, आपण ख्रिस्ती अजून बाहेरच. त्यासाठी आपण निवेदनं देतो, साहेबांपुढं हात जोडून सांगतो की धर्म बदलला तरी जात सुटत नाही हो. खरंच आहे. सुटेल कशी? सवलत गेली, तरी जात आपण ट्रंकेत घडी घालून ठेवलीय. नोकरीला उपयोगाची नाही, सोयरीक मोडायला मात्र अजून चालते.

असो. मी युक्त्या सांगत होते.

रंगाबद्दल उघड बोलू नये. ‘नाकीडोळी छान आहे’ एवढं म्हणावं आणि थांबावं. (मोशेनं कूश देशातली काळी बायको केली म्हणून त्याची बहीण मिर्याम कुरकुरली, तर कोडानं बर्फासारखी पांढरी झाली. बायबलात गणना, अध्याय 12. संडे स्कूलला ही गोष्ट फारशी का सांगत नाहीत, देव जाणे.)

टिकली हिंदूंची म्हणून खटकली, तरी तिच्यावरही बोलू नये. कपाळाकडं नुसतं बघत राहावं.

सोन्याच्या अंगठीवाल्याला पुढचा बाक द्यावा आणि मळक्या कपड्यांतल्याला दाराशी उभं करावं, हे तर याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायातच आहे. ‘असं करू नका’ म्हणून आहे, तेवढं वाचताना गाळलं की झालं.

आणि निघताना म्हणावं, ‘हिला प्रार्थनेत ठेवू हं.’ कशासाठी, असं मी विचारलं. तर सगळ्यांना एकदम घरचं पाणी भरायचं आठवलं. नळ दहा दिवसांनी येतो आपल्याकडं, तो नेमका त्याच दुपारी येणार होता!

घरी आल्यावर पोरीनं आरशासमोर उभं राहून टिकली काढली आणि आरशाच्या कोपऱ्याला चिकटवून ठेवली. एक शब्द बोलली नाही. भाकरी करायला बसली.

अगं, जरा लाज धरा! कुसळ आणि मुसळाचं वचन पाठ म्हणून तुम्हीच लहानपणी बक्षिसं घेतलीत ना? मत्तयानं प्रभूच्या वंशावळीत यरीहोतली वेश्या राहाब घातली, परक्या मवाबातली रूथ घातली. त्या दोघी तुमच्या चहाच्या टेबलाशी आल्या असत्या तर ‘मूळच्या कोण’ म्हणून तुम्ही तिथूनच परत पाठवल्या असत्या. ज्याला न्याय करायचा खरा अधिकार होता, त्यानं व्यभिचारात धरून आणलेल्या बाईवरसुद्धा दगड उचलला नाही, खाली वाकून बोटानं जमिनीवर लिहीत बसला. तुम्हाला कुणी बसवलं गं तागडी घेऊन? वीस-बावीस वर्षांची पोर, आपलं घर सोडून आलेली, पहिल्यांदा तुमच्यात आली, आणि ‘जेवलीस का’ एवढंही कुणाला विचारता आलं नाही.

येत्या रविवारी ती येणार आहे. टिकली मी माझ्या हातानं लावून देणार आहे. आम्ही दोघी दुसऱ्या बाकावर बसू. सरकायचं असेल तर सरका, नाहीतर मागं जाऊन बसा.