मातिगारीला पकडा!

1987 साली केनियात गावोगाव एका माणसाची चर्चा चालली होती. मातिगारी नावाचा कुणीतरी फिरतोय आणि भेटेल त्याला विचारतोय, या देशात सत्य आणि न्याय कुठे सापडेल? खबर राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांच्यापर्यंत गेली. हुकूम सुटला, उचला त्याला. पोलीस शोधाशोध करायला लागले तेव्हा कळलं की मातिगारी हा कादंबरीतला नायक आहे. मग सरकारने पुस्तकच धरलं. दुकानादुकानांतून प्रती जप्त झाल्या.

हा प्रसंग त्या कादंबरीचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांनीच सांगून ठेवलाय. लोक तो गमतीचा किस्सा म्हणून सांगतात. मला त्यात गंमत दिसत नाही. ज्या माणसांनी मातिगारीची चर्चा केली त्यांना तो खराच वाटला होता, कारण त्याचे प्रश्न त्यांचेच होते. सरकार घाबरलं ते या गोष्टीला.

28 मे 2025 ला न्गुगी गेले. तेव्हा बहुतेकांनी "नोबेल हुकलेला लेखक" एवढंच लिहिलं. एवढ्या मोठ्या माणसाची ओळख त्याला न मिळालेल्या बक्षिसावरून करून द्यायची, याचा मला तेव्हाही राग आला आणि अजून आहे.

1938 साली लिमुरूजवळच्या कामिरिथूत त्यांचा जन्म. बाप एक, आया चार, असं मोठं घर. इंग्रजांविरुद्धच्या माऊ माऊ बंडाच्या काळात थोरला भाऊ बंडखोरांसोबत जंगलात गेला. एक सावत्र भाऊ बहिरा होता. इंग्रज सैनिकाने "थांब" म्हटलेलं त्याला ऐकू आलं नाही आणि तो गोळी लागून मेला. शाळेत पोरगं आपल्या गिकुयू भाषेत बोललं की छडी, नाहीतर गळ्यात "मी गाढव आहे" अशी पाटी. पुढे सत्तेबद्दल या माणसाने जे लिहिलं, ते त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात बोलकं वर्ष 1977. त्या वर्षी त्यांची 'पेटल्स ऑफ ब्लड' आली. स्वातंत्र्यानंतरच्या काळ्या साहेबांनी देश कसा गिळला, हे त्यात नाव न घेता पण सडेतोड सांगितलंय. पुस्तक इंग्रजीत होतं. प्रकाशन केलं खुद्द अर्थमंत्री म्वाई किबाकी यांनी! कुणाचंही काही बिघडलं नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात कामिरिथूत एक नाटक उभं राहिलं, गिकुयूत. न्गुगी वा मिरिइ या दुसऱ्या लेखकासोबत लिहिलेलं. उघड्यावरचं नाट्यगृह गावकऱ्यांनी स्वतः बांधलं, नटही तेच, मळ्यांवर आणि कारखान्यात राबणारे. गोष्ट अशी: किगूंडाकडे दीड एकर जमीन. तिचा कागद फ्रेम करून भिंतीवर लावलेला. गावचा धनाढ्य कियोई त्याला पटवतो की तुम्हा नवरा-बायकोचं लग्न पुन्हा चर्चमध्ये व्हायला हवं, तरच आपलं जुळेल. लग्नासाठी कर्ज, कर्जासाठी जमीन तारण, आणि शेवटी जमीन गेली. लग्नापायी सातबारा कोरा राहत नाही हे ज्यांनी आपल्या घरात पाहिलंय, त्यांना हे नाटक कुणी समजावून सांगायला नको.

दीड महिन्यात परवाना रद्द. 31 डिसेंबरला न्गुगींना उचललं आणि कामिटीच्या तुरुंगात टाकलं. आरोप नाही, खटला नाही. जवळजवळ वर्षभर आत. स्थानबद्धतेच्या हुकमावर सही होती तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष मोई यांची. इंग्रजीतल्या टीकेला मंत्री हार घालतो आणि शेतकऱ्याला कळेल अशा नाटकासाठी तुरुंग. सत्तेला टीका सलत नाही, ती कुणाच्या कानावर पडते ते सलतं, असं मी म्हणतो ते यावरून.

कोठडीत त्यांनी ठरवलं, आता कादंबरी गिकुयूतच. कागद मिळेना म्हणून तुरुंगातल्या टॉयलेट पेपरवर लिहिली. तो कागद इतका खरखरीत होता की कैद्याला त्रास व्हावा, पण त्यामुळेच पेन त्यावर नीट चालायचं! एकदा झडतीत सगळं बाड गेलं, मग सुदैवाने परत मिळालं. तीच 'डेव्हिल ऑन द क्रॉस'. त्यात एका गुहेत चोरांची स्पर्धा भरते, देशातला सर्वश्रेष्ठ लुटारू निवडायला. सुटाबुटातले एकेक जण मंचावर येऊन आपली कर्तबगारी सांगतात. एकाची योजना आहे माती डब्यांत आणि हवा बाटल्यांत भरून विकायची. दुसऱ्याने बालवाडी काढलीय, आणि गोऱ्या पोरांचे पुतळे मांडून ठेवलेत, म्हणजे पालक वाट्टेल ती फी भरतील. 1980 चं पुस्तक आहे हे. हवेचं वाचताना मी पान उलटायचं विसरलो.

ही कादंबरी केनियात बारमध्ये मोठ्याने वाचली जायची. वाचणारा रंगात आलेल्या जागी थांबायचा, पुस्तक पालथं ठेवायचा, आणि ऐकणाऱ्यांनी त्याचा ग्लास भरला की पुढे सुरू. लेखकाला याहून मोठा मान कुठला?

1982 पासून बावीस वर्षं देशाबाहेर. कामिरिथूचं नाट्यगृह पोलिसांनी जमीनदोस्त केलं. मोई सत्तेवरून गेल्यावर, 2004 मध्ये न्गुगी परतले, तर नैरोबीत राहत्या जागी घुसून त्यांच्यावर आणि पत्नीवर हल्ला झाला.

एक गोष्ट टाळून पुढे जाणं मला पटत नाही. 2024 मध्ये त्यांचा मुलगा मुकोमा, जो स्वतः लेखक आहे, त्याने जाहीरपणे लिहिलं की वडील आईला मारहाण करायचे. सत्तेच्या गैरवापरावर आयुष्यभर लिहिणाऱ्याबद्दल हे वाचून मी सुन्न झालो. त्यांचं लेखन मला आजही तितकंच मोलाचं वाटतं, पण त्यांचा फोटो देव्हाऱ्यात लावायला मी तयार नाही. त्या बाईचं नाव न्याम्बुरा. तेही लक्षात राहू दे.

आणि हे सगळं आपल्यापासून लांबचं नाही. तेलुगू कवी वरवरा राव यांनी 'डेव्हिल ऑन द क्रॉस'चा अनुवाद तुरुंगात बसून केला. त्यांच्या तुरुंगातल्या लेखांच्या पुस्तकाला प्रस्तावना न्गुगींची. तेच वरवरा राव पुढे ऐंशीच्या घरात असताना आपल्या तळोजा तुरुंगात होते. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकृतीच्या कारणावरून जामीन दिला तेव्हा बाहेर आले.

ज्यांना वाचायचंय त्यांनी 'विझर्ड ऑफ द क्रो'ने सुरुवात करू नका, फार जाडजूड आहे. त्यात एक मंत्री लंडनला जाऊन डोळे बल्बएवढे मोठे करून घेतो आणि दुसरा पॅरिसला जाऊन कान, हुकूमशहा साहेबांचे शत्रू दिसावेत, ऐकू यावेत म्हणून. अफाट आहे, पण नंतर. आधी 'डेव्हिल ऑन द क्रॉस' घ्या, आणि गुहेतला भाग चार माणसांत मोठ्याने वाचा.